जोडीची माळ

१

बातमी आली तो रविवार होता आणि मी गच्चीवर भात वाळत घालत होतो.

विभा डोंगरात गेली की माझं हे काम सुरू असायचंच. ती मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायची आणि दर उन्हाळ्याच्या, कधी दिवाळीच्याही सुट्टीत चार-पाच बायकांबरोबर गढवालात जायची. माझा गुडघा शाळेत असतानाच अधू झालेला. त्यामुळे चढायचं तिने आणि शिधा करायचा मी, अशी आमची वाटणी होती. लग्नानंतरच्या पहिल्या खेपेहून ती परत आली ती डब्यातल्या मटाराला नावं ठेवत. डबे जड, आणि चव पत्र्याची. मी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारा माणूस. मी म्हटलं, "अन्नात जड काय असतं? पाणीच ना? ते इथेच ठेवून जा. वर बर्फ आहेच."

या कामाला जयपूरसारखी हवा दुसरीकडे मिळायची नाही. खिचडी मोकळी शिजवायची. निवारीच्या खाटेवर जुनं मलमली धोतर अंथरून त्यावर ती पातळ पसरायची आणि वरून दुसरं धोतर घालायचं. लू, इथला तापलेला वारा, खालूनही वाहते, वरूनही वाहते. संध्याकाळी चार दाणे पितळी ताटात टाकायचे. टणटण वाजले की झालं. नाही वाजले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मग एका वेळचं एक अशा मेणकागदात पुड्या बांधायच्या, त्यांना कापडाच्या लहान पिशव्या चढवायच्या आणि त्या सगळ्या एका सुतळीला ओवायच्या. वर गेल्यावर रोज माळेतली खालची पिशवी सोडायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं.

प्रत्येक माळेची मी जोडी करत असे. एक तिच्या पाठीवरच्या पिशवीत, दुसरी आमच्या कोठीच्या खोलीत खुंटीला. डोंगरावर ती जी पुडी सोडील तीच त्या दिवशी मी इथे सोडायची. ती म्हणायची, "एवढं एक जेवण तरी तुम्ही माझ्याबरोबर वर येता."

त्या दिवशी मी पावसाळ्यानंतरच्या खेपेची तयारी करत होतो. आमची आणि शेजारच्या सुभेदार सर्जेरावांची गच्ची एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडून त्यांच्या भागुबाई पापडांवरचे कावळे हाकलत होत्या. त्या साताऱ्याकडच्या.

"भावजी, तुमचा कांदा करपाया लागला बगा. बायकू डोंगरात आन् दादला वाळवनात. आमच्या गावाकडं सांगितलं तर लोक मला खुळी म्हनतील."

"सांगूच नका मग."

"सांगितलं की मागंच. खुळी म्हनलीच."

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. सर्जेराव वर आले. रविवार असून त्यांच्या अंगावर गणवेश होता. ते माझ्याकडे न बघता धोतरावरच्या भाताकडे बघत बोलले. छावणीत वरून निरोप आला होता.

"बाई वरच्या तळावर एकट्याच थांबल्या हुत्या. ताप हुता म्हनं. बाकीच्या शिधा आनायला खाली आल्या, आन् मागनं मदल्या वाटंवर कडा सुटला."

"तंबू?"

"तंबू दिसंना, साहेब."

"शोधताहेत ना?"

"हवा उघडली की."

ते गेले. भागुबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मी वाकून भात उलथवला, कारण खालची बाजू अजून ओली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठीत गेलो तेव्हा माळेतल्या खालच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

कोठीची खोली म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची अरुंद जागा. धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, तिच्या दोऱ्या, आणि खुंटीला माळ. जून महिन्यात जयपूरच्या घरात ओलं म्हणून काही राहत नाही. टॉवेल खांद्यावरून काढेपर्यंत वाळतो. मी वर बघितलं. छत कोरडं होतं. भिंतीला हात लावला, ती तापलेली होती. कोपऱ्यात रांजण होता. तो पाझरत असेल म्हणून मी उचलून बाहेर नेला.

पुढच्या दिवशी तिच्या वरची पिशवी ओली होती. तीच, जी त्या दिवसाची होती. बाकीच्या माळेला पाण्याचा स्पर्शही नव्हता.

माणूस दुःखात असला की असली गणितं जुळवतो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मला येतं तेच केलं. टपकणारा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि उन्हात ठेवला. आमच्या भागातलं विहिरीचं असो की नळाचं, पाणी पांढरा डाग सोडल्याशिवाय आटत नाही. वीस वर्षं मी हेच डाग बघत आलो आहे. हा थेंब आटला आणि काच स्वच्छ राहिली. दुसरा थेंब ठेवला. तसंच झालं.

असं पाणी पावसाचं असतं, नाही तर वितळलेल्या बर्फाचं. पाऊस अजून लांब होता.

मी पुडी उघडली. आत खिचडी फुगली होती. हाताला ती इतकी गार लागली की बोटं बधिर झाली. थोडी, फार थोडी, एका बाजूने कमी झालेली होती.

मी ती पुन्हा गुंडाळून जागेवर टांगली आणि कामावर गेलो. त्या दिवशी मी माझा डबा संपवला. बातमी आल्यापासून प्रथमच मला भूक लागली होती.

३

सगळं ठीक होतं, पण एक गोष्ट मला खुपत होती. खिचडीत कणी राहत होती.

उकळतं पाणी पडलं तर दाणा आतपर्यंत मऊ होतो. गार पाण्यात वरून फुगतो, मध्ये खडा राहतो, आणि चावता चावता दाढा दुखतात. मी एक दाणा चिमटीत दाबून बघितला. मध्ये कणी. दुसऱ्या दिवशीही कणी.

तिच्याकडे आग नाही, हे मला तिथे कोठीत उभ्या उभ्या कळलं. ती बर्फाच्या पाण्यात भिजवून खाते आहे.

आपण काय विचार करतो आहोत ते माझ्या लक्षात आलं आणि मी बाहेर येऊन चेहऱ्यावर पाणी मारलं. मग विचार केला की समजा, केवळ समजा, तसं असेल तर उपाय काय? उपाय अवघड नव्हता. तांदूळ एकदा शिजवून वाळवण्याऐवजी दोनदा शिजवायचा, जरा ठेचून मग वाळवायचा. डाळ घोटून कागदासारखी पातळ पसरायची. बरोबर पातळ पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, म्हणजे आग न मागणारं अन्न. मी रजा टाकली आणि चूल पेटवली.

"भावजी," भागुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आता हे कुनाला?"

"पुढच्या खेपेला."

मग पदरातून चार लिंबं काढून त्यांनी भिंतीवर ठेवली. "फोडी करून वाळवा. डोंगरात तोंडाला चव नसती म्हनायच्या बाई."

नवी माळ झाली. जुनी उतरवून ती मी खुंटीला लावली. सकाळी खालची पिशवी ओली होती. दाणा दाबून बघितला, लोण्यासारखा मऊ. अर्ध्याहून जास्त पुडी रिकामी झाली होती.

त्या दिवशी मी खूप दिवसांनी दाढी केली.

४

शोध थांबल्यानंतर सुमन भेटायला आली. ती त्या चमूची पुढारी. दिल्लीहून आली होती. नाकावरची कातडी सोलवटलेली, डाव्या हाताला पट्टी. बर्फाने बोटांची टोकं काळी पडली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली. चहा तिच्यासमोर गार झाला.

"एक सांगायचं राहिलंय," ती शेवटी म्हणाली. "आम्ही खाली आलो तेव्हा रॉकेलचा डबा आमच्याबरोबर आला. भरून न्यायचा होता. तिच्याजवळ स्टोव्ह होता, पण कोरडा. मतलब... दोन तासांत परतणार होतो आम्ही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी उठून तिचा चहा गरम करून आणला.

जाताना ती कोठीच्या दाराशी थबकली. विभाची दोरी मागायची होती तिला, आठवण म्हणून. मी दार उघडून दोरी काढून दिली. तिने माळेकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"हे काय सांडलंय?"

माळेखाली फरशीवर मिरीचे दाणे होते. एका ओळीत मांडलेले.

खिचडीत मी अख्खी मिरी घालत असे. विभाला ती दाताखाली आलेली खपत नसे. एकेक दाणा वेचून ती झाकणाच्या कडेवर ओळीने मांडून ठेवायची, आणि परत आली की खिशातून मूठभर मिरी काढून माझ्या हातावर ओतायची. "घ्या, तुमची मिरी आख्खं गढवाल फिरून आली. पुढच्या वेळी हिलाच पाठवा."

"मिरी आहे," मी सुमनला सांगितलं. "माझ्या हातून सांडली असेल."

ती गेल्यावर मी फरशीवर बसून ते दाणे वेचले. ओलसर, गार, आणि एकही फुटलेला नाही. त्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. खरं सांगायचं तर त्या पावसाळ्यात मी सुखी होतो. जयपूरला पाऊस बेताचाच. दोन सरींच्या मध्ये कडक ऊन पडतं. सकाळी उठून शिजवायचं, पसरायचं, कामावर जायचं, संध्याकाळी ताटावर दाणे वाजवायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मांडून ठेवलेली मिरी गोळा करायची. एवढा नेटका संसार ती समोर असतानाही आमच्याकडून झाला नव्हता.

५

दिवाळीच्या आधी नागपूरहून दादा आला. गजानन, माझा थोरला भाऊ. त्याने ट्रंक उघडली तेव्हा वर दर्भाची जुडी होती.

"देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करतात," तो म्हणाला. "त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं. गुरुजी मी बघितलेत. नंदू, तू फक्त पाटावर बस."

"ती गेली असं कोणी सांगितलं?"

"डोंगर कोसळला. आणखी कोणी सांगायला हवं?" मग त्याचा आवाज उतरला. "हे बघ. तिला एकदा पोटभर वाढ आणि वाट मोकळी कर. असं अधांतरी ठेवू नये रे."

एकदा पोटभर. मी रोज वाढत होतो, पुडीपुडीने. एकदा पोटभर वाढलं की मग मी सकाळी उठून काय करणार होतो? हे मी त्याला विचारलं नाही. विचार करून सांगतो, म्हणालो.

जेवण झाल्यावर तो माजघरात आडवा झाला. मी पेपर वाचत होतो. बाहेर पितळेसारखं ऊन. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"कोठीत कोण जेवतंय?"

मलाही ऐकू येत होतं. पत्र्याच्या भांड्यावर चमचा खरवडल्याचा आवाज. तळाशी लागलेलं काढताना येतो तसा. मी तो त्याआधीही ऐकला होता, पण दुसऱ्या कोणी ऐकलेला तो पहिल्यांदाच.

"भागुबाईंचं मांजर येतं."

"मांजर चमच्यानं जेवत नाही, नंदू."

तो उठला. जिन्याखाली गेला. मी बसून राहिलो. त्याने दारावर तळहात ठेवला, तसाच चटकन काढून घेतला आणि दुसऱ्या हातात धरून चोळला. त्याने दार उघडलं नाही. परत येऊन तो आपलं अंथरूण गुंडाळायला लागला.

मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. दर्भाची जुडी त्याने माझ्याकडेच ठेवली होती. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून माझं मनगट धरून तो म्हणाला, "कधी बसायचं ते तू ठरव. मी लगेच येईन. पण एक सांगतो. आत जे कोणी आहे ना, त्याला भूक फार आहे."

"ती पहिल्यापासून चांगलं जेवते," मी म्हणालो.

त्याने माझं मनगट सोडलं. गाडी हलली.

६

दादा गेल्यानंतर काही दिवसांनी मिरी दिसेनाशी झाली.

पहिल्यांदा वाटलं, आपणच घालायला विसरलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघून जास्त घातली. सकाळी पिशवी रिकामी होती. मेणकागद चाटूनपुसून साफ, आणि फरशीवर काही नाही. मी डबे हलवून खाली बघितलं. काही नाही.

उपाशी माणूस आवडनिवड ठेवत नाही. इतके महिने बर्फात राहिल्यावर मिरीसुद्धा गोड लागत असेल. अंग गरम राहतं तिने. असं मी स्वतःला समजावलं आणि ते मला पटलंही. एक पुडी पुरत नाही हे उघड होतं. मी दोन केल्या. दोन्ही रिकाम्या झाल्या. मग खालची सोडून वरच्याही जायला लागल्या, आणि एके दिवशी सगळी माळ रिकामी लोंबत होती. गाठी सोडलेल्या नव्हत्या. कापड ओढून फाडलेलं होतं. विभाने आयुष्यात कधी गाठ तोडली नाही. दोरीवर जीव टांगणाऱ्या बाईला गाठीचा मान असतो.

मी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. चार खाटा मांडल्या.

"भावजी, घरात लगीन काढलंय काय?" भागुबाईंनी विचारलं.

"साठवून ठेवायला बरं पडतं."

"आन् तुमी असं हाडकलेलं." त्या पुढे काही बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष खाटांकडे गेलं. "एक इचारू? कावळं बसत न्हाईत तुमच्या वाळवनावर. आमच्या पापडावर झुंबड. तुमचा एवढा भात उघडा पडतुया, एक बी चोच लावत न्हाई."

मी कठड्याकडे बघितलं. कावळे तिथे ओळीने बसले होते. भाताकडे पाठ करून.

या आठवड्यात एक दिवस मी कामावरून दुपारीच परतलो. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि फरशी पायाला चटका बसावा इतकी गार लागली. बाहेर ऊन होतं. शेजारी भागुबाईंच्या रेडिओवर भजन चाललं होतं. जिन्याखालच्या कोठीचं दार चार बोटं उघडं होतं आणि आतून चमच्याचा आवाज येत होता.

मी फटीशी उभा राहिलो.

माळेखाली कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी, मी तिला बाजारातून आणून दिलेली. खांद्यांवर बर्फ होतं. जयपूरच्या दुपारी ते वितळत नव्हतं. एक हात माळेकडे गेला. मनगटात तिचं कडं होतं. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी होती आणि मला आठवतात त्यापेक्षा लांब होती. हाताने गाठ चाचपली नाही. सगळी माळ एकदम खाली ओढली.

मग चमच्याचा आवाज थांबला. कोणी दाराशी आहे हे तिथे कळलं होतं.

विभा नकाशा वाचत बसली की तिला आजूबाजूचं भान नसे. कितीही वेळ मागे उभं राहिलं तरी ती वळत नसे. नावाने हाक मारली तरच मान वळवायची, आणि मग हसायची. ती पाठमोरी टोपी तशीच निश्चल झाली होती. वाट बघत होती.

मी दार हळूच ओढून घेतलं.

ओढताना उंबऱ्यावरून काही घरंगळलं. मिरीचा एकच दाणा. मी तो वेचला, खिडकीशी नेऊन बघितला. तो दाताने चावून फोडलेला होता.

तो मी सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे. काल सकाळी नेहमीसारखा उठलो. भात मोकळा झाला होता, डाळ छान पातळ पसरली गेली. संध्याकाळी चार दाणे ताटात टाकले, टणटण वाजले. पुड्या बांधल्या, जास्तच बांधल्या. कोठीचं दार जेमतेम हात जाईल एवढं उघडून माळ खुंटीला लावली. दादाची दर्भाची जुडी फडताळात आहे. ती चांगली वाळली आहे.

मी अजून तिला हाक मारलेली नाही.